गेमिंगसाठी प्रोसेसर कुठला? आधी मॉनिटर बघा, मग कार्ड, मग प्रोसेसर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. भाऊ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कॉम्प्युटर सायन्स, खानापूरहून रोज बेळगावला ये-जा. तुमच्या पगारातून त्याला मशीन घ्यायचंय, बजेट ५५ हजार, मॉनिटर घरात आहे, २२ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झवाला. तो खेळतो व्हॅलोरंट आणि जीटीए ५, पुढं नवीन मोठे गेमपण खेळायचेत आणि कोडिंग तर करायचंच आहे. एका दुकानात २६ हजारात “आय७, १६ जीबी रॅम, २ जीबी ग्राफिक्स” असा रिफर्बिश्ड सेट दाखवला, दुसऱ्यानं सांगितलं नवा आय७ घ्या, ग्राफिक्स कार्डाचं पुढच्या वर्षी बघू, आणि भाऊ म्हणतोय रायझनच पाहिजे. तर प्रोसेसर कुठला घ्यायचा.

मी बेळगावात मशीन असेंबल करतो, रिपेरीपण करतो, बरीच वर्षं हेच काम आहे, त्यामुळं जरा लांबच सांगणार, कारण ह्याच एका निर्णयात लोकांचा पैसा सगळ्यात जास्त चुकीच्या ठिकाणी जाताना बघतो. उत्तर आधी देऊन टाकतो. इंटेलचा आय५ १२४००, शेवटी एफ अक्षर नसलेला, किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००. दोन्हीतला कुठलाही घ्या, भाऊ खूश राहील, पण तुमच्या घरासाठी माझा कल आय५ कडं आहे, का ते खाली येतंय. उरलेला पैसा ग्राफिक्स कार्डात घाला. आय७ नको, रायझन ७ नको, तो २६ हजाराचा सेट तर अजिबात नको.

आता कारणं. गेम चालू असताना प्रोसेसर हिशेब करत असतो, कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी कशाला धडकली, ह्या क्षणाला समोर काय काय दिसायला पाहिजे, आणि ती सगळी यादी तो ग्राफिक्स कार्डाला देतो, मग कार्ड त्याचं चित्र काढतं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम. तुमच्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ६० चित्रं दिसतात, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळाले, १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर ७ च्यापण आत काम उरकायला लागतं. दोघांपैकी जो हळू त्याच्यावर तुमचा स्पीड ठरतो. बैलजोडीसारखं आहे बगा, एक ताजा खिल्लार आणि दुसरा दमलेला असेल तर औत दमलेल्याच्याच चालीनं चालणार, खिल्लारावर कितीही पैसे घातले असले तरी.

आणि ह्यात गंमत अशी की चित्र मोठं केलं, सेटिंग हायवर टाकलं, सावल्या-पाणी-गवत सगळं चालू केलं तर वाढलेलं बहुतेक काम कार्डाच्या अंगावर पडतं, प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं. म्हणून फुल एचडीवर मोठा गेम हाय सेटिंगला लावला की ह्या बजेटमध्ये दमणारं असतं ते कार्ड. तिथं आय५ च्या जागी आय७ लावला तर फ्रेम वाढतच नाहीत म्हणा ना, एखाद-दुसरी वाढली तर वाढली, पण तेच आठ-दहा हजार कार्डात घातले तर गेम वेगळाच दिसायला लागतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ ह्यांचं मात्र उलटं आहे, ते कार्डाला हलके आणि प्रोसेसरला जड, तिथं एकेका कोअरचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या हिशेब करणाऱ्या एकेका भागाचा, वेग कामाला येतो. पण तिथंसुद्धा तुमचा मॉनिटर ६० चा आहे, आणि आय५ १२४०० किंवा ५६०० व्हॅलोरंटमध्ये १४४ च्या वर आरामात जातात, म्हणजे उद्या भावानं १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर आणला तरी प्रोसेसर बदलायला लागणार नाही.

ज्यांच्याकडं आधीच मशीन आहे आणि गेम अडकतोय, त्यांनी पैसे काढायच्या आधी एक गोष्ट करून बघा, फुकट आहे. गेममध्ये रिझोल्यूशन एकदम खाली आणा, १०८० वरनं ७२० वर. फ्रेम भरभर वाढल्या तर कार्ड दमलं होतं. आहे तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर दमलाय, किंवा रॅम. कितीजण प्रोसेसर बदलून द्या म्हणून मशीन उचलून आणतात आणि ही टेस्ट केली की कळतं की प्रोसेसर निवांत बसलाय.

आता त्या २६ हजाराच्या आय७ विषयी. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनवर बारीक अक्षरात ३७७० लिहिलंय. इंटेलच्या ह्या नंबरात सुरुवातीचे आकडे पिढी सांगतात, ३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा माल. १२४०० म्हणजे बारावी. आय३, आय५, आय७ ही नावं त्या-त्या पिढीतल्या पायऱ्या आहेत, २०१२ च्या आय७ ची आणि २०२२ च्या आय३ ची तुलना नावावरनं होतच नाही. २०२२ च्या सुरुवातीला आलेला आय३ १२१००, चार कोअर आठ थ्रेड (थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाताळता येणारी कामं), तो २०१७ च्या आय७ ७७०० के ला गेममध्ये मागं टाकतो, आणि ३७७० तर त्याच्याहून आणखी चार पिढ्या जुना. एका कोअरच्या ताकदीत आय३ १२१०० त्याच्या जवळपास दुप्पट आहे. दुसरं म्हणजे ३७७० मध्ये एव्हीएक्स२ नावाच्या, एकदम बऱ्याच आकड्यांचा हिशेब करायच्या सूचनाच नाहीत, काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिसरं, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं चालतं आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या सोयी लागतातच, ते त्या जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग ज्याला जोडतात त्या बोर्डवर, मिळणार नाही. आणि “२ जीबी ग्राफिक्स” म्हणजे त्या कोटेशनवर जीटी ७१० आहे. ते मॉनिटरवर चित्र आणायचं कार्ड आहे, गेम खेळायचं कार्डच नव्हे, रायझन ५ ५६००जी मध्ये प्रोसेसरच्या आतच जे ग्राफिक्स येतं ते त्याच्यापेक्षा कितीतरी पटीनं पुढं आहे. बँकेत, ऑफिसात, डीटीपीला असला सेट चालतो, मी स्वतः तसल्या कामाला देतोही, पण गेमिंगच्या नावानं कुणी देत असेल तर घेऊ नका.

रायझनमध्ये दुसऱ्या प्रकारची गडबड होते, ती नीट वाचा कारण भावाला रायझन पाहिजे आहे. रायझन ५ ४५००, रायझन ५ ५५००, रायझन ५ ५६००. तिन्ही एप्रिल २०२२ मध्ये आले, तिन्ही सहा कोअर बारा थ्रेड, तिन्ही बोर्डवरच्या एकाच एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेत, बसतात, डबे शेजारी ठेवले तर सेमच वाटतात. पण आतला एल३ कॅश बघा, ४५०० मध्ये ८ एमबी, ५५०० मध्ये १६, ५६०० मध्ये ३२. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या पोटातलीच झटपट मेमरी. गेमला लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली तर दहा-बारा नॅनोसेकंदात हाताशी येते, नाही सापडली तर रॅमकडं जायला लागतं, तिथं साठ-सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात, आणि तेवढा वेळ कोअर नुसता वाट बघत बसतो. व्हिडिओ एडिटिंगमध्ये हे तितकं जाणवत नाही, गेममध्ये जाणवतं, कारण गेममध्ये पुढं कुठली माहिती लागेल ते आधी ठरलेलं नसतं, खेळणारा कुठं वळेल त्याच्यावर असतं. एएमडीनं ज्यांच्या नावात एक्स३डी आहे ते प्रोसेसर काढले त्यात हाच कॅश ९६ एमबीपर्यंत नेला आणि नुसत्या त्याच्यावर ते गेमिंगमध्ये सगळ्यांच्या वर गेले. ते आपल्या बजेटच्या बाहेर आहेत, पण ह्यावरनं कळेल की कोअर मोजून गेमिंगचा प्रोसेसर ठरत नाही. ४५०० तर झेन २ ह्या जुन्या आखणीचा आहे, बाकीचे दोन झेन ३ चे. म्हणून दुकानात नुसतं “रायझन ५, सहा कोअर” असं तोंडी ऐकून हो म्हणू नका, पूर्ण नंबर कोटेशनवर लिहून घ्या.

कोअर किती पाहिजेत? सहा. चार कोअरवर जुने गेम मस्त चालतात, पण नव्या मोठ्या गेममध्ये मागं डिस्कॉर्ड चालू, क्रोममध्ये दहा टॅब, मित्रांना दाखवायला रेकॉर्डिंग चालू, असं असलं की सरासरी फ्रेम चांगली दिसते पण मधेच झटका बसतो, आणि खेळणाऱ्याला सरासरी कळत नाही, झटका कळतो. आठ कोअर असले तर वाईट नाही, पण ह्या बजेटमध्ये त्या दोन कोअरचे पैसे कार्डातनंच काढायला लागतात. व्हीटीयू विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला जे लागतं, सी, जावा, पायथन, डेटाबेस, पुढं अँड्रॉइड स्टुडिओ, ते सगळं सहा कोअर आणि १६ जीबी रॅमवर व्यवस्थित होतं. पुढच्या वर्षांत मशीन लर्निंगकडं गेला तर एनव्हिडियाचं कार्ड सोयीचं पडतं, कारण त्यातली बरीच साधनं कुडा (CUDA) ह्या एनव्हिडियाच्याच सॉफ्टवेअरवर चालतात, तेवढं भावाला आत्ताच विचारून ठेवा.

आता एफ अक्षराचं. आय५ १२४००एफ आणि आय५ १२४०० मध्ये गेमिंगच्या वेगात फरक नाही, फक्त एफवाल्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं म्हणून तो थोडा स्वस्त पडतो. यूट्यूबवर सगळे एफच घ्या म्हणतात आणि मोठ्या शहरात ते बरोबरही आहे. पण आपल्याकडं काय होतं, ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत बिघडलं की ते बहुतेक वेळा पुणे-मुंबई किंवा बेंगळूरला पाठवायला लागतं, परत यायला कधीकधी आठवडे जातात. एफवाला प्रोसेसर असेल, किंवा रायझन ५ ५६०० असेल, त्यातपण आतलं ग्राफिक्स नाही, तर कार्ड येईपर्यंत मशीन नुसतं खोकं, स्क्रीनवर काही येणारच नाही. इंटर्नल परीक्षा तोंडावर असताना पोरांचं असं अडकलेलं मी बघितलंय, तेव्हा गेमिंग राहू दे बाजूला, असाइनमेंट कुठं करायची हा प्रश्न होता. साध्या १२४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, गेमला अगदी बेताचं, पण अभ्यास, कोडिंग, व्हिडिओ सगळं चालू राहतं. शिवाय रिपेरीवाल्यालापण शोधायला सोपं जातं, कार्ड काढलं आणि चालू झालं म्हणजे दोष कार्डात. शिकणाऱ्या पोराला एकच मशीन असेल तर हा फरकाचा पैसा मी द्यायला सांगतो. घरात दुसरा लॅपटॉप असेल तर मग एफ घ्या, हरकत नाही.

पुढचा मुद्दा जरा टेक्निकल आहे पण ह्यात फसतात म्हणून सांगतो. कार्ड आणि प्रोसेसर ह्यांच्यामधला जो रस्ता, पीसीआय एक्सप्रेस, त्याची रुंदी लेनमध्ये मोजतात आणि वेग पिढीत. स्लॉट लांब दिसतो म्हणून सगळ्या १६ लेन वापरात असतात असं नाही. आरएक्स ६५०० एक्सटी ह्या कार्डाला फक्त ४ लेन आहेत. चौथ्या पिढीच्या रस्त्यावर ते कसंबसं निभावतं, पण रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे दोन्ही तिसऱ्या पिढीवरच थांबलेत, तिथं तो रस्ता निम्मा होतो, आणि कार्डात मेमरी ४ जीबीच, ती भरली की गेम रखडत चालतो. आणि प्रोसेसर ५६०० घेतला पण बोर्ड ए५२० किंवा बी४५० घेतला तरी तीच गोष्ट, तेही बोर्ड तिसऱ्या पिढीचेच, चौथी पाहिजे तर बी५५०. आरएक्स ६६०० ला ८ लेन आहेत, त्याला हा त्रास फारसा होत नाही. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटमध्येसुद्धा बघायला लागतं, रायझन ५ ८५००जी कार्डाला ४ च लेन देतो, म्हणून त्याच्यावर पुढं मोठं कार्ड लावायचा विचार असेल तर तो घेऊ नका. इंटेलच्या बारावी पिढीत ही भानगड नाही, स्वस्तातल्या एच६१० बोर्डवरपण कार्डाला पूर्ण १६ लेन मिळतात.

बोर्डाचं आलंच आहे तर बोलूनच टाकतो. ५६०० आणि १२४०० ह्यांच्यात गेमिंगला फरक इतका थोडा आहे की कुठला गेम लावला त्यावर कधी हा पुढं कधी तो पुढं. मग ठरवायचं कसं, तर नुसत्या प्रोसेसरचा भाव विचारू नका, प्रोसेसर अधिक बोर्ड असा एकत्र भाव विचारा. एच६१० बोर्ड बहुतेक वेळा बी५५० पेक्षा स्वस्त पडतो आणि तिथंच इंटेलचा हिशेब बसतो. एच६१० मध्ये रॅमचे दोनच स्लॉट, डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी, नवी डीडीआर५) वाला घेतला तर रॅम ३२०० च्या वेगाच्या वर पळवता येत नाही, आपल्याला तेवढंच पाहिजे. डीडीआर४ चा बोर्ड आणि डीडीआर५ चा बोर्ड वेगळा असतो, एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, हे बोर्ड घेतानाच बघा. उलट भावाच्या एखाद्या मित्राकडं बी५५० किंवा चांगला बी४५० पडून असेल तर रायझन ५६०० घेऊन टाका, फक्त बी४५० ला बायोस, म्हणजे बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, अपडेट करायला लागतो, न करता ५६०० बसवला तर स्क्रीन काळीच राहते आणि माणसाला वाटतं प्रोसेसर गेला. दुकानदाराकडनंच अपडेट करून घ्या.

“पण एएम४ आता जुना झाला, एएम५ घ्या, पुढं अपग्रेड होईल” असं भावाला कुणीतरी सांगणारच. खरं आहे, एएम४ वर पहिले रायझन २०१७ ला आले, एएम५ सप्टेंबर २०२२ ला आला आणि एएमडीनं तो २०२७ पर्यंत आणि पुढंही चालू ठेवू असं सांगितलंय. इंटेलचंपण तसंच, एलजीए १७०० सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी पिढी संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा सॉकेट आला. बजेट ७०-७५ हजार असतं तर मी रायझन ५ ७६०० सांगितला असता, त्यात थोडं आतलं ग्राफिक्सही येतं. पण एएम५ ला डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे वर गेलेत त्यात बोर्ड आणि रॅममध्येच तुमचं कार्डाचं बजेट विरघळून जाईल. पुढच्या चार वर्षांच्या अपग्रेडसाठी आज चांगलं कार्ड सोडून देणं मला पटत नाही. भाऊ डिग्री संपवेपर्यंत बदलायची वेळ आलीच तर ती कार्डाची येईल, आणि कार्ड ह्याच बोर्डवर बदलता येतं.

रॅम महाग झालीय म्हणून काहीजण १६ ची एकच स्टिक किंवा ८ च जीबी घेतात. १६ पाहिजेच, आणि ८ च्या दोन, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही बाजूंनी माहिती मिळते, ह्यालाच ड्युअल चॅनेल म्हणतात. एका स्टिकवर फ्रेम पडतात, आणि आतल्या ग्राफिक्सवर खेळत असाल तर फारच पडतात, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. घरात किंवा मित्राकडं चांगली डीडीआर४ ३२०० पडलेली असेल तर ती वापरा, रॅम सहसा खराब होत नाही, टेस्ट करून घेता येते.

सगळं धरूनही ५५ हजारात बसलं नाही तर काय? दोन वाटा आहेत. एक, प्रोसेसर खाली आणा, आय३ १२१०० घ्या, कार्ड तेच ठेवा. व्हॅलोरंट, जीटीए ५ आरामात चालतात आणि दोन वर्षांनी त्याच बोर्डवर सेकंडहँड आय५ बसतो, तेव्हा तो आणखी स्वस्त असेल. दोन, कार्ड आत्ता घेऊच नका, रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी घ्या, चांगल्या दोन स्टिक रॅमसकट. ह्यावर व्हॅलोरंट फुल एचडीला लो सेटिंगवर ६० च्या बरंच वर चालतं, जीटीए ५ सुद्धा सेटिंग नॉर्मल ठेवली की खेळण्याजोगं चालतं, आणि पैसे जमले की कार्ड. ही दुसरी वाट त्या “नवा आय७ आणि कार्ड नंतर” पेक्षा कितीतरी बरी, कारण आय७ मधलं ग्राफिक्स गेमला कमजोर, वर्षभर पोरगं महागड्या प्रोसेसरवर गेम न चालता बसेल. फक्त ५६००जी घेतल्यावर पुढं ४ लेनवालं कार्ड आणू नका, वर सांगितलंय ते लक्षात ठेवा.

कार्ड कुठलं हा वेगळा विषय आहे, पण प्रोसेसरशी जोडून एवढंच सांगतो. नवं आरएक्स ६६०० मिळालं तर तेच बघा, ८ जीबीचं आहे, फुल एचडीला अजून भक्कम. नाहीतर आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीवालं, वेगात ६६०० च्या मागं आहे पण एनव्हिडिया पाहिजे असेल तर चालेल. इंटेलचं आर्क बी५८० कार्ड कागदावर छान दिसतं, पण ते ५६०० सारख्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये बरंच मागं पडतं, त्याच्या ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, भार प्रोसेसरवर जास्त येतो. ते कार्ड ७६०० किंवा त्याच्या वरच्या प्रोसेसरबरोबरच शोभतं.

सेकंडहँड प्रोसेसर घेऊ का असंही काहीजण विचारालेत. प्रोसेसर हा मशीनमधला सगळ्यात कमी बिघडणारा भाग, त्यामुळं बारावी पिढीचा आय५ किंवा ५६०० मशीनमध्ये लावून चालताना दाखवत असतील तर जरूर घ्या. मात्र तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे आय७, आय९ सेकंडहँड घेऊ नका. त्यांच्यात व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर हळूहळू खराब होण्याचा दोष होता, इंटेलनं २०२४ मध्ये तो मान्य करून मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा अपडेट, काढला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली, पण आधी जे खराब झालंय ते अपडेटनं परत येत नाही आणि घेणाऱ्याला वरनं काही कळत नाही. बाराव्या पिढीत हा दोष नाही. रायझन एएम४ सेकंडहँड घेताना खाली उलटून पिना बघा, ह्यात पिना प्रोसेसरलाच असतात, एखादी वाकलेली असली की भांडण तुमच्या गळ्यात. आणि कूलर काढताना सरळ वर ओढू नका, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळून चिकटलेली असते, प्रोसेसर सॉकेटमधनं उपटून बाहेर येतो. मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर थोडा डावी-उजवीकडं फिरवत सोडवा.

नवा घेताना बॉक्स पॅकच घ्या. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी आणि बरोबर कूलर येतो, ट्रे म्हणून सुटा मिळतो त्यात कूलर नाही आणि वॉरंटी बहुतेक दुकानदाराच्या शब्दावर. जीएसटी बेळगावात घ्या, हुबळीत घ्या, कोल्हापुरात घ्या, १८ टक्केच आहे, त्यामुळं “बिलाशिवाय कमी करतो” ह्याला हो म्हणू नका, वॉरंटी बिलावरच चालते. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. हजार-पाचशेच्या फरकासाठी बेंगळूरच्या एस. पी. रोडवरनं मागवण्यापेक्षा जवळ घेतलेलं बरं, परत द्यायची वेळ आली तर सकाळी जाऊन दुपारी घरी येता येतं. बॉक्समधला कूलर ५६०० आणि १२४०० दोन्हीला पुरतो. चिकोडी-अथणीकडं उन्हाळा कडक, तिकडच्यांनी थोडा मोठा कूलर घेतला तर आवाज कमी होईल, खानापूरला त्याची गरज नाही.

खानापूरला गरज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबी भागात काय पाऊस पडतो ते तुम्हाला मी सांगायला नको, लाईट जाते, येते, परत जाते, आणि येताना झटका देऊन येते. मशीनमध्ये तुम्ही कुठलाही प्रोसेसर घाला, स्वस्तातला लोकल एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, असेल तर तो जाताना बोर्ड घेऊन जातो. ५००-५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) लिहिलेला चांगल्या कंपनीचा घ्या. ह्या बाबतीत १२४०० आणि ५६०० दोन्ही गुणी आहेत, खेळताना पाऊणशे वॅटच्या आतबाहेर राहतात, कार्ड १३० च्या आसपास, मॉनिटर धरून सगळं मिळून तीनशेच्या आत. त्यामुळं १००० व्हीए चा यूपीएस पुरतो, ६०० चा ओढाताणीनं चालेल. यूपीएस मॅच पूर्ण करायला नव्हे, मशीन नीट बंद करायला आहे, एवढं भावाला सांगा. अर्थिंग आहे का ते वायरमनकडनं एकदा बघून घ्या, बऱ्याच जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट असतो पण मागं अर्थिंगची वायरच जोडलेली नसते.

मशीन घरी आल्यावर पहिल्या दिवशी करायचं काम. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं पळवायची सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच पळत राहते, कितीतरी मशीन वर्षानुवर्षं तशीच चालतात. तिथंच टीपीएम चालू करा, इंटेलमध्ये त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीमध्ये एफटीपीएम, आणि सिक्युअर बूट चालू करा, म्हणजे व्हॅलोरंट कटकट करणार नाही. मॉनिटरची वायर कार्डाला लावा, बोर्डाच्या सॉकेटला नको. १२४०० ला आतलं ग्राफिक्स असल्यामुळं बोर्डला लावली तरी चित्र येतं, आणि मग पोरगं म्हणतं नवं कार्ड हळू चालतंय. सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसरचा नंबर, कॅश आणि रॅम ड्युअल चॅनेलला आहे का हे बिलाशी ताडून बघा, हे शक्यतो दुकानातच पैसे देण्याआधी करा. दोन्ही दुकानांकडनं आता १२४०० अधिक एच६१० डीडीआर४ आणि ५६०० अधिक बी५५० अशी दोन-दोन कोटेशनं लेखी घ्या, पूर्ण मॉडेल नंबरासकट, आणि चारही कागद शेजारी ठेवून ज्यात कार्डाला जास्त पैसे उरतात ते घ्या.